वर्गातला एकच मोबाईल

पालक सभेत हल्ली दोन प्रश्न हमखास निघतात. एखादे अब्बा उभे राहून विचारतात, "घरी आम्ही पोरांच्या हातातून मोबाईल काढून घेतो आणि शाळेत तुम्हीच त्यांना मोबाईल दाखवून शिकवता, हे कसे काय?" त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या रांगेतून एखाद्या अम्मी म्हणतात, "शेजारच्या इंग्लिश स्कूलमध्ये तर प्रत्येक वर्गात मोठा टीव्ही लावलाय. आमच्या मुलांनी कोणाचे घोडे मारले?" एकाला मोबाईल जास्त झाल्याची काळजी, दुसरीला तो कमी पडल्याची.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. या दोन्ही काळज्या आम्हाला खऱ्या वाटतात. पण वर्गात यंत्रे किती आहेत, हे मोजण्यापेक्षा यंत्र सुरू असताना मुले काय करतात हे पाहावे, असे आमचे मत झाले आहे. मुले नुसती बघत बसली असतील तर भिंतीएवढा टीव्हीही वाया गेला. तीच मुले बोलत, वाद घालत, मोजत, पडताळून पाहत असतील तर शिक्षकाच्या खिशातला एक मोबाईल चाळीस जणांना पुरतो.

पडद्यावर कवितेचा व्हिडिओ लावला की वर्ग एकदम शांत होतो. बाहेरून जाणाऱ्या साहेबांना ही शांतता फार आवडते. पण व्हिडिओ संपल्यावर "कवितेत काय होते?" असे विचारले की मुले त्यातल्या सशाचा रंग सांगतात, चाल गुणगुणतात आणि अर्थाशी थांबतात. शांत बसलेले मूल शिकतेच आहे असे नाही. ते दमलेले असेल, किंवा रंगांत हरवलेले असेल.

यंत्राकडून मोठी आशा धरण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने आपल्या देशातल्या सहा राज्यांत, सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्यात आले होते. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो आणि त्यात शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम होते. पुढे पुण्याच्या बालचित्रवाणीने मराठीतून असे कार्यक्रम तयार केले. आज चाळिशीत असलेल्या अनेक वाचकांना ते आठवतही असतील. कार्यक्रम चांगले होते. अडचण एकच होती, की टीव्ही बोलत होता आणि मुलांना त्याला उत्तर देता येत नव्हते. शाळेतला संच तर बहुधा कपाटात, कुलपात. आता कपाट गेले, पडदा भिंतीवर आला. पण मुलाने गप्प बसून बघायचे ही रीत पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

ही रीत मोडण्याचा एक साधा उपाय अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एरिक मॅझुर या प्राध्यापकांनी १९९१ पासून वापरायला सुरुवात केली. व्याख्यान देता देता ते मध्येच थांबत आणि पर्याय देऊन एक प्रश्न विचारत. प्रत्येक विद्यार्थ्याने आधी स्वतःचे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा एकदा उत्तर नोंदवायचे. सुरुवातीला साधी पुठ्ठ्याची कार्डे होती, नंतर रिमोटसारखी बटणे आली. यंत्र बदलले तरी मुद्दा बदलला नाही. विद्यार्थ्याने आधी स्वतःचे काहीतरी म्हणणे मांडायचे. याच गटाने २००४ साली आणखी एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्गात प्रयोग करून दाखवला की विद्यार्थ्यांना खरोखर समजते का, हे त्यांनी तपासले. ज्यांनी प्रयोग फक्त पाहिला होता, ते विद्यार्थी प्रयोग मुळीच न पाहिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा फारसे पुढे नव्हते. ज्यांना प्रयोगापूर्वी "काय होईल ते सांगा" असे विचारले होते, त्यांना मात्र अधिक समजले होते. ही गोष्ट विद्यापीठातल्या तरुणांची आहे. मग दहा वर्षांच्या मुलाला नुसता व्हिडिओ दाखवून काय हाती लागणार?

आमच्या शाळेतल्या सहावीच्या वर्गात एक प्रयोग दरवर्षी होतो. विज्ञान आमचा विषय नाही, पण त्या तासाला आम्ही मुद्दाम जाऊन बसतो. दाराच्या चौकटीला दोरी बांधायची, तिच्या टोकाला दगड. दोरीची लांबी वरच्या गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. हा झाला लंबक. झोका देण्यापूर्वी फळ्यावर प्रश्न लिहिला जातो: दगड दुप्पट जड बांधला तर झोके लवकर होतील, उशिरा होतील की तेवढ्याच वेळात होतील? प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून पाटी उलटी ठेवायची. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद. वर्गात बाजार भरतो. मग मोबाईलचे स्टॉपवॉच सुरू होते आणि मुले मोठ्याने दहा झोके मोजतात. सुमारे वीस सेकंद. जड दगड बांधून पुन्हा मोजतात. तेवढेच वीस. निम्मा वर्ग ओरडतो की मोजण्यात घोटाळा झाला. मग पुन्हा मोजतात, या वेळी मोबाईलवर चित्रण करून, आणि तेच चित्रण संथ गतीने लावून एकेक झोका तपासतात. मोबाईल येथे क्रिकेटमधल्या तिसऱ्या पंचाचे काम करतो.

दुसरा प्रश्न जास्त गमतीचा. दोरी निम्मी केली, म्हणजे पन्नास सेंटीमीटर, तर दहा झोके किती सेकंदांत होतील? बहुतेक पाट्यांवर दहा लिहिलेले असते. उत्तर येते सुमारे चौदा. आता ओरडायलाही कोणी उरत नाही, सगळे दोरीकडे बघत राहतात. दहा सेकंद हवे असतील तर दोरी पंचवीस सेंटीमीटरची करावी लागते, हे मुले स्वतः दोरी कमी करत करत शोधून काढतात. का, ते त्यांना वरच्या वर्गात कळेल. पण वर्गमूळ शिकवायला कोणी उभे राहील तेव्हा या मुलांना चौदाचा आकडा आठवेल, एवढे नक्की. या सगळ्या तासात मोबाईल पाच-सहा मिनिटे वापरला जातो. लंबकाचा तयार व्हिडिओ लावला असता तर तास लवकर संपला असता, आणि पाट्या कोऱ्या राहिल्या असत्या.

पाटीऐवजी कार्ड वापरण्याची एक सोय आता मोबाईलवर मिळते. तिचे नाव प्लिकर्स. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेली काळी-पांढरी चौकटीची नक्षी द्यायची. प्रत्येकाची नक्षी निराळी. नक्षीच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचे ती बाजू वर करून कार्ड समोर धरायचे. शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते नावानिशी मोबाईलवर दिसते. मुलांकडे मोबाईल लागत नाही. कार्डे एकदा छापून घेतली की झाले. आम्ही ती साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. पावसाळ्यात नुसता कागद टिकत नाही.

यातली खरी गोम अशी, की शेजारच्याला आपले उत्तर कळत नाही. अक्षरे इतकी बारीक की दुरून वाचता येत नाहीत, आणि नक्षी वेगळी असल्यामुळे नक्कल करता येत नाही. "कोणाला येते, हात वर करा" म्हटले की वर्गात तेच सहा-सात हात वर येतात. त्यातले बहुतेक पुढच्या बाकांवरचे. मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर हात वर करीत नाही. चुकले तर सगळे हसतील ही धास्ती. कार्ड मात्र ती उचलते. आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती, जी तोंडी विचारले की ओढणीचे टोक चावत उभी राहायची. तिला काही येत नाही असा सगळ्यांचाच समज होता. तिची कार्डावरची उत्तरे एकामागून एक बरोबर येऊ लागली तेव्हा तिला येत होते हे पहिल्यांदा वर्गाला कळले, आणि बहुधा तिलाही.

कान तयार झाल्याशिवाय जीभ वळत नाही

आता आमच्या विषयाकडे येतो, कारण मोबाईलचा सर्वांत जास्त उपयोग आम्हाला मराठी शिकवताना झाला आहे.

उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी चांगली यावी यात पालकांचा जीव का अडकलेला असतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीलाच संपते. पुढे मुलाला मराठी माध्यमात बसावे लागते आणि मुलीचे तर शिकणेच तिथे थांबण्याची भीती असते. पोलीस भरती असो की तलाठ्याची परीक्षा, मराठीशिवाय पाऊल पुढे पडत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, पण सक्तीने जीभ वळत नाही.

मुलांची अडचण अक्षरांची कमी आणि आवाजांची जास्त असते. उर्दूत 'ळ' नाही. म्हणून 'वेळ' झाली की 'वेल' होते आणि 'काळ' जाऊन 'काल' राहतो. 'ण' नाही म्हणून 'मण' आणि 'मन' एकच होतात. हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याहून अवघड गोष्ट 'च', 'ज' आणि 'झ' या अक्षरांत लपलेली आहे, आणि ती पुस्तकात दिसतच नाही. 'चार' मधला 'च' वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा. 'जेवण' आणि 'जवळ' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'माझा' आणि 'माझी' म्हणून पाहा. अक्षर तेच, आवाज दोन. मराठी घरातले मूल हे आईच्या कडेवर शिकते, त्याला कोणी सांगावे लागत नाही. उर्दू शिकणाऱ्या मुलाला मात्र सवय निराळी. त्याच्या लिपीत जीम आणि ज़े ही दोन वेगळी अक्षरे. आवाज बदलला की अक्षर बदलते. मराठीत अक्षर न बदलता आवाज बदलतो, हे त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. एका मुलाने आम्हाला सरळ विचारले होते, "मग दोन अक्षरे का नाही केली?" प्रश्न अगदी वाजवी आहे.

येथे छापलेले पुस्तक हात टेकते. येथे कान लागतो. मोबाईलमधले ध्वनिमुद्रण हे या कामाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. आम्ही असे करतो: 'वेल-वेळ', 'काल-काळ', 'मन-मण', 'चार-चारा', 'माझा-माझी' अशा जोड्या गावातल्या वेगवेगळ्या मराठी माणसांच्या आवाजात मुद्रित करून आणल्या. टपाल घेऊन येणारे काका, दूधवाल्या मावशी, शेजारच्या मराठी शाळेतली दोन मुले. मुलांनी आधी फक्त ऐकायचे आणि ओळखायचे, पहिला शब्द कोणता होता? बोट वर म्हणजे 'वेल', मूठ म्हणजे 'वेळ'. पहिल्या आठवड्यात वर्ग नुसता अंदाज करतो. ज्या आवाजातला फरक कानाला कळत नाही, तो जिभेला कसा कळणार? पंधरा दिवसांनी मुठी आणि बोटे नीट पडू लागतात. मगच बोलायचे. मग मूल स्वतःचा आवाज मुद्रित करते, ऐकते, पुसून टाकते, पुन्हा करते. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक मूल हसते. चौथ्या-पाचव्या वेळी हसणे थांबते आणि कपाळाला आठी पडते. ती आठी दिसली की आम्ही मध्ये बोलत नाही.

दुसरा खेळ बोलून लिहिण्याचा. २०१७ पासून मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत मोबाईलसमोर बोलले की अक्षरे उमटण्याची सोय गूगलने दिली. मुलांना हा खेळ फार आवडतो. मोबाईलला 'वेळ' ऐकू आली की नाही, हे लगेच समोर दिसते. पण यात एक मेख आहे, ती शिक्षकांनी आणि घरी करून पाहणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावी. पूर्ण वाक्य बोलले तर मोबाईल आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतो आणि 'मला वेल नाही' म्हटले तरी 'मला वेळ नाही' असे लिहून मोकळा होतो. मुलाला वाटते, आपण बरोबर म्हटले. म्हणून सुटे शब्द द्यावेत. उलटही होते. मुलाचा उच्चार चांगला असतो पण मोबाईलला त्याची ढब ओळखीची नसते आणि तो भलतेच लिहितो. अशा वेळी निकाल मोबाईलने नव्हे, वर्गाने द्यायचा. "कोण बरोबर, हा की मोबाईल?" असे विचारले की चाळीस जोड्या कान टवकारतात. यंत्र चुकते हे मुलांना दिसणे, हाही धडाच आहे.

तिसरा प्रकार आवाज बंद करून व्हिडिओ दाखवण्याचा. मटकी भिजत घालून तिला मोड येताना आमच्या पाचवीच्या मुलांनीच दोन दिवस छायाचित्रे काढली. मोबाईल पुस्तकांच्या चवडीवर एकाच जागी ठेवला आणि शाळेच्या वेळात दर तासाला एक छायाचित्र घेतले. सगळी एकापुढे एक लावली की पंधरा सेकंदांचा मुका चित्रपट होतो. त्याला बोलणे मुलांनी द्यायचे, एका गटाने मराठीत, एका गटाने उर्दूत. पंधरा सेकंदांत बसेल एवढेच बोलायचे असल्यामुळे शब्द निवडावे लागतात. 'साल फुटते' म्हणायचे की 'साल तडकते', यावर एका गटात चांगली दहा मिनिटे भांडण झाले. निबंध लिहायला सांगितला असता तर कोणी एका क्रियापदासाठी भांडले असते का?

उर्दूच्या वाट्याला आलेले

उर्दूची कथा थोडी निराळी. बालभारतीची पुस्तके उर्दूतही निघतात. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा'वर ते साहित्य पाहता येऊ लागले, ही मोठी सोय झाली. तरी मराठी-हिंदीच्या मानाने उर्दूतले साहित्य आम्हाला तोकडे वाटते. शिक्षकांनी तयार केलेल्या उर्दू प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे इनपेजवर टंकलेल्या आहेत. त्या मोबाईलवर उघडत नाहीत, म्हणून चित्र करून पाठवल्या जातात, आणि चित्रातला मजकूर मोबाईल वाचून दाखवत नाही की त्यात शब्द शोधता येत नाही. नव्याने टंकताना युनिकोडमध्ये टंकावे, एवढा एक बदल उर्दू शिक्षकांनी केला तरी पुढच्या मुलांचे बरेच काम हलके होईल. अनेक मोबाईलवर उर्दू मजकूर नस्तलीकऐवजी नस्ख वळणात दिसतो आणि पालक तक्रार करतात, की ही अक्षरे पोराला कशी ओळखू येणार? मुलांना ती येतात. मक्तबात कायदा आणि कुरआन शरीफ वाचताना त्यांनी तेच वळण पाहिलेले असते.

क्यूआर कोडचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव येतेच. २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, याचे वर्तमानपत्रांनी भरभरून कौतुक केले. आमच्या मते त्यांच्या कामातली अधिक मोलाची गोष्ट बातम्यांत मागे पडली. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. डिसले आधी कन्नड शिकले, पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि मग त्यावर कोड चिकटवले. कोड सगळ्यांनी उचलला. आधी मुलांची भाषा शिकण्याचा भाग तेवढ्या उत्साहाने कोणी उचलल्याचे आम्हाला दिसले नाही. अर्थात, भाषा शिकल्याचे छायाचित्र काढून गटावर टाकता येत नाही, हेही कारण असेल. हल्ली शिक्षकाचा मोबाईल शिकवण्यापेक्षा छायाचित्रे पाठवण्यातच जास्त झिजतो. असो.

घरातला मोबाईल कोणाचा?

आता पालकांशी थोडे. वर्गात जे होते ते घरी पुढे न्यायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो मोबाईल कोणाचा. अब्बांचा मोबाईल त्यांच्याबरोबर कामावर जातो. संध्याकाळी तो मोठ्या भावाकडे. बहिणीची पाळी येते तेव्हा चार्जिंग संपलेले असते, नाहीतर नेट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्क्यांच्या आसपास निघाल्या. मुलींची गोष्ट त्याहून बिकट असणार हे सांगायला पाहणी कशाला हवी? टाळेबंदीच्या काळात याचा चटका सगळ्यांनी घेतला. एकाच घरातला भाऊ तासाला हजर आणि बहीण गैरहजर, असे हजेरीपत्रक आम्ही महिनोन् महिने भरले आहे.

म्हणून आम्ही घरच्या अभ्यासासाठी व्हिडिओ पाठवत नाही. एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवतो. त्याला नेट फार लागत नाही, तो अब्बा कामावरून आल्यावर एकदा लावला की सगळे भावंडे ऐकतात, आणि उत्तरही एका मिनिटाच्या आवाजातच द्यायचे असते. दहा मिनिटांत मोबाईल अब्बांच्या हातात परत. आमची विनंती एवढीच, की ही दहा मिनिटे घरातल्या मुलीला आधी द्यावी, भावाला नंतर.

आवाजाचा आणखी एक फायदा. आपल्यातल्या अनेक घरांना मुलींची छायाचित्रे गटांवर फिरलेली आवडत नाहीत. त्यांना मागासलेले म्हणून मोकळे होणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मुलाचे छायाचित्र कोणाच्या मोबाईलवर कुठवर जाते, हे आज कोणीच सांगू शकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. प्रयोगाचे चित्रण करायचे तर दोरी, दगड आणि हात दिसले तरी पुरे, चेहरा कशाला? शाळेने न विचारता छायाचित्र टाकले तर पालकांनी जरूर हटकावे. पण तेवढ्यासाठी मुलीला प्रयोगातूनच काढून घेऊ नये.

घरच्या अभ्यासातला मुलांना सर्वांत आवडलेला भाग म्हणजे दादी-नानींचे बोलणे मुद्रित करून आणणे. विषय साधे असतात: लग्नात काय शिजायचे, पाणी कुठून आणायचे, पहिल्यांदा एसटीत कधी बसलात. मुले ते वर्गात ऐकवतात, उर्दूत लिहितात आणि मराठीत सांगतात. कोकणातून आलेल्या घरची नानी कोकणीत बोलते, इकडच्या दादी दखनीत. "ये तो बिगडी हुई उर्दू है," असे एका मुलाने आधी नाक मुरडून सांगितले होते. मग मुद्रणे ऐकता ऐकता मुलांनाच एकेक गोष्ट सापडू लागली. दादी 'नक्को' म्हणतात, मराठीत 'नको'. दादी 'अभीच' आणि 'मैंच' म्हणतात. मराठीत 'आत्ताच' आणि 'मीच'. जोर द्यायचा असला की शब्दाच्या शेवटी 'च' लावायचा, हे दादींनी मराठीकडून घेतले आहे. दखनीच्या अभ्यासकांनी हे केव्हाच नोंदवून ठेवले आहे, पण सहावीच्या वर्गाने ते स्वतःच्या दादीच्या आवाजात शोधले.

त्या दिवशी फळ्यावर असे अठरा शब्द जमले. तास संपताना शब्द उतरवून घ्यायला सांगितले, तेव्हा दोन्ही वह्या समोर उघड्या ठेवून एका मुलीने विचारले, "हे शब्द कुठल्या वहीत लिहू, उर्दूच्या की मराठीच्या?" वर्गात लगेच दोन तट पडले. आम्ही कार्डे वाटली.